माझ्या मापाची वाकडी गाडी

आता मी जे सांगणार आहे ते या पंचक्रोशीत कुणी खरं मानणार नाही, आणि जो मानेल त्याच्या अकलेची मला काळजी वाटेल.

मी एवढं म्हणालो आणि मानसिंगतात्यानं कपाळावर हात मारून घेतला. मानसिंगतात्या म्हणजे माझा सांगवीतला शेजारी. त्याचा ऊस आणि माझ्या गप्पा दोन्ही भरघोस येतात, फरक इतकाच की त्याच्या उसाला तोडणी असते. आम्ही त्याच्या ओट्यावर बसलो होतो. त्याची शकुबाई आणि माझी रंगुबाई मधे सूप ठेवून शेंगा फोडत होत्या.

"श्रीपतराव," तात्या म्हणाला, "मी फकस्त इचारलं की दारात गाडी दिसत न्हाय, कुठं गेली. व्हय-न्हायमधी सांगा."

"कुठं गेलीचं उत्तर व्हय-न्हायमधी कसं देणार?"

"बरं, एका वाक्यात."

"एका वाक्यात खोटंसुद्धा बसत न्हाय तात्या, खरं कुठनं बसायचं?"

शकुबाई हसली. म्हणजे परवानगी मिळाली. मी मांडी बदलली आणि सुरू केलं.

माझी गाडी तुम्हाला ठाऊक आहे. छोटी, पांढरी, वालचंदनगरच्या कंपनीतून निवृत्त झालो तेव्हा घेतलेली. माझ्यासारखीच मोजकं पिते आणि चढाला कुरकुरते. महिन्यातून एकदा रंगुबाईला बारामतीला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं, हे तिचं मुख्य काम. साखरेनं रंगुबाईच्या डोळ्याचा पडदा खराब केलाय. तिथं ते डोळ्यात इंजेक्शन देतात, आणि त्यानंतर तिला एसटीच्या गर्दीत घालणं म्हणजे आंधळ्याला पुरात सोडणं.

तर दिवाळीनंतर माझ्या लक्षात आलं, पुढचा उजवा टायर बाहेरच्या कडेनं झिजलाय. थोडाथोडका नाही. इतका गुळगुळीत, की त्यात तोंड बघून मी दाढी केली.

"टायरात?" तात्या म्हणाला.

"एका बाजूची. दुसऱ्या बाजूला चाकाच्या झाकणाची वाटी आडवी येत व्हती."

बारामतीत नवे टायर टाकले. दुकानदार म्हणाला, आबा, आता चाकांची अलाइनमेंट करून घ्या, नाहीतर हेही तसेच झिजतील. चाकांना चिमटे लावले, पडद्यावर रेघा आल्या. लाल होत्या त्या त्यानं नट फिरवून फिरवून हिरव्या केल्या. म्हणाला, आता गाडी सुतात आली.

सुतात! दुकानातून बाहेर पडलो तोच गाडी डावीकडे ओढायला लागली. मी उजवीकडे आणतोय, ती डावीकडे जातेय. दावं तोडून गोठ्याकडे निघालेली म्हैस असते ना, तशी. सांगवीच्या वाटेवर कारखान्याचा फाटा डावीकडे लागतो. गाडी आत शिरली. उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली, गाडी रांगेत उभी राहिली. मागच्या ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला म्हणून पुढं सरकलो. असं सरकत सरकत काट्यावर. काटेवाल्यानं मान वर न करता वजन केलं. रंगुबाईसकट.

"अगं बया!" शकुबाई म्हणाली. "किती भरलं?"

"ते मी सांगणार न्हाय. मला हिच्याच घरात ऱ्हायचंय."

रंगुबाईनं एक शेंग जरा जोरात फोडली.

पुन्हा बारामतीला गेलो. दुकानदारानं पुन्हा चिमटे लावले. सगळ्या रेघा हिरव्यागार, श्रावणातल्या माळासारख्या. म्हणाला, आबा, टायरमध्येच दोष असला तरी गाडी ओढते, पुढचे दोन्ही टायर इकडचे तिकडे करून बघू. दोष टायरात असेल तर आता उजवीकडे ओढेल. केले. गाडी डावीकडेच. मग म्हणाला, डाव्या चाकाचा ब्रेक धरत असेल. थोडी चालवून चाकाला हात लावून बघितला, धरत असता तर तापला असता. दोन्ही चाकं सारखीच कोमट. मग म्हणाला, रस्त्याला उतार असतो. म्हणून मी तोच रस्ता जाऊन येऊन दोन्ही बाजूंनी चालवला. जाताना डावीकडे, येताना डावीकडे. शेवटी तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला, डॉक्टर म्हातारपण कसं सांगावं म्हणून बघतो तसा.

आणि त्याच आठवड्यात कालव्याच्या पुलावर डावा आरसा कठड्याला लागला. आरसाच फक्त. पण रंगुबाई डाव्या बाजूला बसली होती आणि कठडा तिच्या कानाशेजारून गेला. मी म्हणालो, गाडीच तिकडे गेली. ती म्हणाली, व्हय. आणि घरी येऊन तिनं अंजलीला फोन केला.

अंजली आमची एकुलती एक. पुण्यात सरकारी कचेरीत अधिकारी आहे, अकराव्या मजल्यावर राहते. तिनं फोनवर आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, चढवलेल्या आवाजाला मला उत्तर देता येतं. ती हळू म्हणाली, "आबा, मी रविवारी येते. तुमच्या शेजारी बसते. तुम्ही बारामतीपर्यंत चालवून दाखवा. गाडी सरळ चालली तर माझं काही म्हणणं नाही. नाहीतर गाडी बंद करायची आणि तुम्ही दोघं माझ्याकडे यायचं. आईचा डोळा पुण्यात बघू."

म्हणजे बघा तात्या, प्रश्न गाडीचा राहिलाच नाही. गाडी सरळ तर आम्ही सांगवीत, गाडी वाकडी तर अकराव्या मजल्यावर. तिथं मी गेलोय. खाली बघितलं की माणसं दिसतात, पण कुणाला हाक मारता येत नाही. हाक पोचेपर्यंत माणूस दुसऱ्या गल्लीत.

"लिफ्ट असती की," तात्या म्हणाला.

"हाकेला लिफ्ट नसती."

मग मला राजवर्धन आठवला. कंपनीत माझ्याबरोबर लेथ मशीनवर संभाजी होता, त्याचा हा मुलगा. इंदापूरला त्याचं गाड्यांचं गॅरेज आहे. शुक्रवारी सकाळी निघालो. बारामती गेली, लासुर्णे गेलं, वालचंदनगरचं जंक्शन गेलं, गाडी सगळ्या वाटेनं डावीकडे ओढतेय आणि मी दोन्ही हातांनी धरून बसलोय. पोचलो तेव्हा बोटं स्टेअरिंगच्या आकाराचीच राहिली होती. राजवर्धननं चहाचा कप पुढं केला, तो बोटांत आपोआप बसला.

पोरगं शांत. त्यानं गाडी वर उचलली, सगळे सांधे हलवून बघितले, एकही ढिला नाही. मशीनवर चढवली. रेघा हिरव्या. मग म्हणाला, "आबा, चला, चक्कर मारू. तुमी चालवा."

गावाबाहेर सपाट, सरळ, रुंद रस्ता आहे. गाडी लागली डावीकडे ओढायला. मी म्हणालो, बघ. तो म्हणाला, "बघतोय. आबा, हात सोडा."

"कशावरनं?"

"स्टेअरिंगवरनं. दोन्ही."

तात्या, मी अख्खी हयात लेथवर काढली. आमच्या हाताला पहिला धडा हा, की मशीन फिरत असेपर्यंत हँडल सोडायचं नाही. समोर साप आला तरी नाही. एकदा आलाही होता. मी हँडल सोडलं नाही, सापच कंटाळून गेला. आता तुम्हाला खरी मजेची गोष्ट सांगतो. बारामतीत टायर बदलून बघितले, ब्रेक बघितला, रस्ता बघितला, पण प्रत्येक वेळी हात माझा स्टेअरिंगवर. हात सोडून बघावं हे माझ्या डोक्यातच आलं नाही. चालत्या यंत्रावरनं हात कोण काढतं?

"आबा, सोडा. मी हाय शेजारी."

मी सोडले. मांडीवर ठेवले.

आणि गाडी सरळ गेली.

किती सरळ म्हणून सांगू? रस्त्यावरची पांढरी रेघ गाडीला बघून ताठ झाली. पुढं एक सायकलवाला चालला होता, तो गाडी बघून स्वतःचं हँडल नीट करायला उतरला.

कुणी हसलं नाही. शकुबाईनं शेंगा फोडायचं थांबवलं होतं.

राजवर्धन म्हणाला, "आता परत धरा. हलकं धरा." मी दोन बोटांनी धरलं. खरंच दोन बोटं. आणि हळूहळू, डावीकडच्या बाभळी जवळ यायला लागल्या. मी काही करत नव्हतो. मी त्यालाही तेच म्हणालो. "राजा, मी कायच करत न्हाय." तो म्हणाला, "व्हय आबा. मला दिसतंय."

गाडी बाजूला घेऊन थांबवली. तो म्हणाला, "जुना टायर उजवा, बाहेरनं झिजलेला म्हणालात ना? म्हंजे गाडी आधी उजवीकडं वढत व्हती. आणि तुमी डावीकडं. दोघांचं मिळून बरोबर जमत व्हतं. आता गाडी सरळ झाली, आबा."

पुढचं तो बोलला नाही. चांगल्या घरातला आहे.

"म्हंजे तुमचा हात वढतोय?" तात्या म्हणाला.

"माझ्या डाव्या हाताला ताकद फार, तात्या. इतकी वर्षं लेथचं चाक डाव्या हातानं फिरवलं. उजव्याचं काय चालणार त्याच्यापुढं?"

"डाव्याला ताकद, का उजव्याला न्हाय? परवा टोपी खुंटीवरनं काढायला मला हाक मारलीत. उजवा हात खांद्याच्या वर जात न्हाय तुमचा."

"टोपी उंच व्हती."

"खुंटी माझ्या छातीला लागती, श्रीपतराव."

मी न ऐकल्यासारखं केलं. म्हाताऱ्या कानाचा तेवढा तरी उपयोग.

तर मी राजवर्धनला म्हणालो, सोपं आहे मग. गाडी होती तशी वाकडी करून दे. तो आधी हसला, मग त्याला कळलं की मी विनोद करत नाहीये, आणि त्याचा चेहरा पडला. "आबा, लोक माझ्याकडं सरळ करायला येतात. तुमी खांदा दाखवा डॉक्टरला. व्यायामानं मोकळा व्हतोय, माझ्या आईचा झाला." मी विचारलं, रविवारपर्यंत होतो का? तो म्हणाला, न्हाय, चार-सहा महिनं. मी म्हणालो, माझ्याकडे दोन दिवस आहेत. तो म्हणाला, "मी अंजलीताईशी बोलू का?" मी म्हणालो, बोललास तर तुझ्या बापाच्या लेथवरच्या सगळ्या चुका इंदापूरच्या चौकात फळ्यावर लिहीन.

पण त्यानं वाकडी करून दिली नाही म्हणून श्रीपतीचं अडतं की काय? शनिवारी दुपारी मी अंगणात जॅक लावला. उजवं चाक काढलं. चाकामागं उभ्या दांड्याला दोन बोल्ट असतात. ते ढिले केले की चाकाचा कल जरा आत-बाहेर करता येतो. ढिले करणं जमलं. पण कसताना उजवा हात... टोपी उंच होती म्हटलं ना, तसे ते बोल्टही उंच होते. मग मी पान्याला लोखंडी नळी घातली आणि रंगुबाईला म्हणालो, हिच्यावर उभी राहा.

"आन राहिली?" शकुबाईनं रंगुबाईकडे बघितलं.

राहिली की! भिंतीला धरून, पदर खोचून, नळीवर दोन्ही पाय. बोल्ट असा कसला की कंपनीतल्या मोठ्या प्रेसला लाज वाटावी. मी म्हणालो, काट्यावर भरलेलं वजन आज कामाला आलं. ती म्हणाली, पडले तर डोळा फुटायचा माझा. पण उतरली नाही.

चाक बसवून कालव्याच्या रस्त्यानं फेरी मारली. जरा जास्तच झालं, गाडी उजवीकडे पळाली. पुन्हा जॅक, पुन्हा चाक, पुन्हा रंगुबाई नळीवर. मग कमी झालं. पुन्हा. शिंपी अंगरखा अंगावर घालून घालून बघतो ना, तशी ती गाडी मी माझ्या अंगाला बसवली. शेवटच्या फेरीला माझ्या हाताखाली ती नाकासमोर चालली. रंगुबाई म्हणाली, जमलं की हो. आणि आम्ही दोघं कालव्यावर गाडी थांबवून हसलो. कशाला हसलो कुणास ठाऊक. रडण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून असेल.

तात्यानं सुपातल्या चार शेंगा उचलल्या आणि न फोडता हातात धरून बसला.

रविवारी अंजली आली. गाडीतल्या छोट्या बुद्धमूर्तीला हात जोडले, माझ्या शेजारी बसली, पट्टा लावला. रंगुबाई मागं. मी गाडी काढली. सांगवीपासून बारामतीपर्यंत, तात्या, खोटं सांगत असेन तर ही जीभ इथंच झडो, गाडी एक बोटभर हलली नाही. पोरगी आधी रस्त्याकडे बघत होती, मग माझ्या हातांकडे, मग खिडकीबाहेर. खिडकीबाहेर बघायला लागली म्हणजे पास. बारामतीत चहा प्यायलो. म्हणाली, "आबा, मी उगीच काळजी केली. आरशाचं काय, कुणाचाही लागतो." मग कप ठेवून म्हणाली, "चला, परत जाताना मी चालवते. तुम्ही आराम करा."

"अगं आई गं," शकुबाई म्हणाली.

"तिला सांगितलं न्हाय तुमी?" तात्यानं विचारलं. "की गाडी वाकडी केलीया म्हणून?"

"सांगायचं काय त्यात? रस्ता मोकळा, पोरगी शहाणी."

"मग काय झालं?"

मी पाणी प्यायलो. तांब्या खाली ठेवला. इथं जरा सुरात यावं लागतं.

झालं काय, अंजली बसली आणि गाडीनं ओळखलं. मालकाचं रक्त आहे म्हणून ओळखलं. स्टेअरिंग आपणहून मधे आलं. ती एका हातानं चालवतेय, बोलतेय, हसतेय, आणि गाडी सुतासारखी सरळ. समोरून उसाच्या ट्रॉल्या येतायत, एकीचा वाराही गाडीला लागला नाही.

"वाकडी केलेली गाडी सरळ गेली?" तात्या म्हणाला.

"तिचाही डावा हात माझ्यावर गेलाय."

"बरं. मग गाडी कुठं हाय?"

"तेच सांगतोय. घरापाशी आलो तर पोरगी उतरेचना. म्हणाली, आबा, अशी गाडी पुण्यात मोठ्यामोठ्यांकडं न्हाय. हात जोडले तिनं. म्हणाली, थोडे दिवस द्या मला, हापिसातल्या लोकांना दाखवते. मी न्हाय म्हणत व्हतो. पण एकुलती एक लेक, किल्लीसाठी डोळ्यांत पाणी. शेवटी म्हणालो, घे. तर आता गाडी हाय पुण्यात, तिच्या हापिसाच्या दारात, आणि लोक रांग लावून..."

"खोटं."

रंगुबाई बोलली होती. सूप तिनं बाजूला सारलं होतं.

"अगं, मला पुरं तर करू दे."

"खोटं हाय सगळं. समोरनं ट्रॉली आली आन गाडी उजवीकडं गेली, तिच्या अंगावर. पोरीनं सगळा जोर लावून वढली तवा कडेच्या चारीत जाऊन थांबली. मी मागनं किंचाळले. तुमी बोललाच न्हाय, नुसते पोरीच्या त्वांडाकडं बघत ऱ्हायला. तिला वाटलं चूक तिचीच. म्हणाली, आबा, मला या रस्त्याची सवय ऱ्हायली न्हाय, तुमीच माझ्यापरीस बरं चालवता. इथंच ऱ्हावा, पुण्याला चला असं मी पुन्यांदा म्हणायची न्हाय."

"रंगू, पुरे."

"आन मग तुमीच राजवर्धनला फोन लावला. गाडी न्यायला ये, सरळ कर, आन अंजलीच्या ताब्यात दे म्हणून. गाडी इंदापूरला हाय तात्या, पुण्यात न्हाय. आन हात कुणी जोडले न्हाईत. पोरगी किल्ली ह्यांच्या हातात देत व्हती. ह्यांनीच घेतली न्हाय."